बिननावाची खोली

घराचे प्लॅन काढून देणाऱ्याच्या ऑफिसात दोन गोष्टी न मागता साचत जातात. एक, जुन्या नकाशांच्या सुरळ्या. दुसरी, किस्से. सुरळ्या दर दिवाळीला रद्दीत जातात. किस्से मात्र जात नाहीत. चहा आला की एकेक बाहेर निघतो, सगळ्यांना हसवतो आणि थोडं अंग धरून पुन्हा जागेवर जाऊन बसतो.

हिंगोलीत एका हार्डवेअरच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. दोन टेबलं, गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाकडं, पावसाळ्यात रुसणारा प्रिंटर आणि रफीकभाई. मी इंजिनिअर, रफीकभाई ड्राफ्ट्समन. मी म्हणतो तसं ते काढतात, असं मी लोकांना सांगतो. ते काढतात तसं मी म्हणतो, असं ते लोकांना सांगतात. इतकी वर्षं झाली, खरं काय ते आम्हालाही आता आठवत नाही.

लोकांना वाटतं, प्लॅन म्हणजे भिंती, दारं, खिडक्या. तसं असतं तर कॉम्प्युटर एकटाच पुरला असता! आमच्या बाकड्यावर बसलं की माणूस सख्ख्या भावाला न सांगितलेलं बोलून जातो. कोण कुठं झोपतं, कुणाला कुणाचं घोरणं सहन होत नाही, सासूला सुनेच्या खोलीचं दार कुठून दिसायला हवं, सगळं. घर बांधायचं म्हटलं की झाकून ठेवता येत नाही.

*

कळमनुरीकडचं एक धनगर कुटुंब आलं होतं. नवरा-बायको आणि नांदेडला नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. मुलगा तयारीनं आला होता. त्यानं मोबाईल काढून मला खोल्या दाखवायला सुरुवात केली. मास्टर बेडरूम आई-बापाची, तिला अटॅच संडास-बाथरूम. म्हाताऱ्या माणसांना रात्री बाहेर जायला नको, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. चांगलं पोरगं आहे, असं मनातल्या मनात म्हणालो देखील.

बाप गप्प होता. त्याची बायको त्याला कोपरानं ढोसत होती. शेवटी मीच विचारलं की मामा, बेडरूमला अटॅच काय ठेवायचं ते तुम्ही सांगा.

"संडास लांब ठेवा, साहेब," ते म्हणाले. "शेळ्या अटॅच ठेवा."

मुलानं कपाळाला हात लावला. रफीकभाई कॉम्प्युटरच्या मागं गेले, म्हणजे हसायला गेले. बाईंनी मात्र आम्हाला नीट समजावून सांगितलं. शेळी व्यायला झाली की तिचा आवाज बदलतो. लांडगा आला की सगळ्यांचाच बदलतो. भिंतीपल्याड असल्या तर ऐकू येतं, वाड्यात लांब असल्या तर सकाळीच कळतं. जन्मभर त्या आवाजावर झोपलेल्या माणसाला आता पक्क्या घरात बहिरं करून ठेवायचं काय, असा त्यांचा सवाल होता.

संडास आम्ही घरातच ठेवला, पण पॅसेजच्या टोकाला. बेडरूम आणि गोठ्याच्या मधल्या भिंतीत एक जाळीची खिडकी ठेवली. मुलगा दिवाळीला आला तेव्हा नाक दाबून झोपला म्हणे. पुढं एकदा बाजारात भेटला तर म्हणाला, नांदेडच्या खोलीवर झोपच येत नाही, फार शांत वाटतं.

*

दत्तराव काका आले ते चौघांतले दुसरे जिना चढून. पुढं त्यांची बायको गयाबाई, मागं मुलगी मंदा, सगळ्यात मागं एक केळीचा घड घेऊन त्यांचा गडी. डोंगरकड्याच्या बाजूचं गाव, थोडी केळी, थोडी हळद, जुनं पत्र्याचं घर. हळदीला दोन वर्षं बरा भाव लागला होता, म्हणून आता स्लॅबचं घर घालायचं होतं.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, घरात माणसं किती? सगळ्यात सोपा प्रश्न म्हणून मी तो आधी विचारतो.

दत्तराव काका बोटं दुमडत मोजायला लागले. ते स्वतः, गजाननची आई, गजानन, सूनबाई, नातू. गजाननचं बिऱ्हाड पुण्याला असतं, पण घर म्हटलं की धरावंच लागतं, असं ते म्हणाले. पुढचं बोट त्यांनी अर्धं दुमडलं आणि तिथंच थांबले.

"बस, एवढेच," गयाबाई म्हणाल्या.

मंदा भिंतीवर लावलेल्या फरशीच्या नमुन्यांकडं बघत होती. तिशी ओलांडलेली, हातात शिलाईच्या सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं. मी काही विचारलं नव्हतं, तरी गयाबाईंनी सांगितलं. ही थोरली लेक. नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हापासून इकडंच आहे. घरात मशीन आहे, अर्ध्या गावाची पोलकी तीच शिवते.

"पण लेकीचं काय, साहेब," त्या म्हणाल्या. "आज हाय, उद्या बोलावणं आलं की जाईल."

बोलावणं येणार नाही हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं, गयाबाईंना सगळ्यात जास्त. पण आईच्या तोंडाला तसं म्हणायची सवय लागली होती, आणि ती सुटत नव्हती. मला त्यांचा राग नाही आला. असल्या वाक्याला धरून माणसं वर्षं काढतात.

मी मंदाला विचारलं, तुम्हाला घरात काय पाहिजे?

"त्यायचं घर हाय, भाऊ," ती म्हणाली. "त्यायलाच इचारा."

दत्तराव काकांचं ते अर्धं दुमडलेलं बोट अजून तसंच होतं. ते त्यांनी पूर्ण मिटलं आणि म्हणाले की हॉल, स्वयंपाकघर आणि तीन खोल्या काढा. मोजलेल्या माणसांना दोन खोल्या पुरत होत्या. तिसरी कुणाची ते कुणी सांगितलं नाही. रफीकभाईंनी सवयीप्रमाणं तिच्यात 'गेस्ट रूम' टाइप केलं.

*

नरसीकडच्या एका गुरुजींचा किस्सा याच सुमाराचा.

गुरुजींनी मोबाईलवर वास्तूचं ॲप घेतलं होतं. प्लॉटवर त्यांचे तीन मेहुणेही आले होते आणि प्रत्येकाकडं तेच ॲप. चौघं जिथं उभे होते तिथं शेजारच्या बांधकामाच्या सळईचा ढीग पडलेला. लोखंडाजवळ मोबाईलमधलं होकायंत्र वेड्यासारखं करतं. चार मोबाईल, चार उत्तर दिशा! सकाळभर आमचं स्वयंपाकघर प्लॉटवर गोल गोल फिरत राहिलं. एकदा तर ते रस्त्यावरच गेलं.

आभाळ गच्च भरलेलं होतं. तसं सूर्य कुठून निघतो हे चौघांनाही लहानपणापासून माहीत होतं, पण हातात मोबाईल असताना सूर्याला कोण विचारतो?

दुपार झाली. रफीकभाईंनी टेप गुंडाळला, लिंबाखाली जागा साफ केली, चटई अंथरली आणि नमाज पढायला उभे राहिले. मेहुणे भांडायचं थांबून त्यांच्याकडं बघत बसले. नमाज झाल्यावर गुरुजींनी हळूच विचारलं, की तुम्ही कुणीकडं तोंड केलं होतं?

"पश्चिमेला," रफीकभाई म्हणाले.

"अन् मग उत्तर?"

रफीकभाईंनी तोंड तसंच ठेवून उजवा हात बाजूला लांब केला.

गुरुजींनी मोबाईल खिशात टाकला आणि मेहुण्यांना म्हणाले, "बराबर हाय. ह्यायचं दिवसातून पाच वेळा चेक होते."

स्वयंपाकघर आग्नेयेला बसलं ते बसलं. गुरुजी अजून सगळ्यांना सांगतात की आमची वास्तू एकदम शुद्ध आहे, रफीकभाईंनी बघितलेली आहे.

*

दत्तराव काका दुसऱ्यांदा आले तेव्हा गजानन मोबाईलमध्ये होता. म्हणजे व्हिडिओ कॉलवर. गयाबाईंनी मोबाईल चहाच्या कपाला टेकवून उभा केला आणि स्क्रीनवरच्या मुलाला आधी, जेवला का, असं विचारलं. मग मीटिंग सुरू झाली.

गजाननला उतरतं छप्पर हवं होतं, वर लाल कौलं. मी कागदावर काढून दाखवलं. दिसायला झकास होतं.

"हळद कुठं वाळू घालू?" दत्तराव काका म्हणाले. "उतारावर?"

छप्पर सपाट झालं.

मग ओपन किचन. स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधे भिंत नाही, सगळं मोकळं, असं गजाननानं समजावलं. गयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मी भाकरी थापून राहिले ते पाहुण्यायनं बघत बसायचं का? भिंत परत आली. पुण्याहून एक सुस्कारा ऐकू आला.

गजाननचं एक सांगावंसं वाटतं, पोरगं मनानं मोकळं होतं. सगळं हरल्यावर तो म्हणाला की बाकी तुमच्या मनासारखं करा, फक्त ती गेस्ट रूम बाहेरच्या बाजूला घ्या आणि तिला बाहेरून वेगळं दार द्या. ताईला तिची स्वतःची खोली होईल. तिच्या गिऱ्हाइकांना घरातून यावं लागणार नाही, कुणाची कुणाला तकलीफ नाही.

माझ्या मते कल्पना चांगली होती. पण गयाबाईंचा चेहरा उतरला.

"लेकीची खोली म्हणू नको, गजू," त्या म्हणाल्या. "खोली बांधली म्हणजे गावाला सांगितल्यासारखं झालं, आता ही जात न्हाई म्हणून."

मंदा त्या दिवशी आली नव्हती, ते बरंच झालं. बाहेरच्या दाराचं तेवढं ठरलं आणि मंडळी उठली.

थोड्या वेळानं दत्तराव काका एकटेच जिना चढून परत आले. चष्मा विसरला म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. ते रफीकभाईंच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे गेस्ट काढा."

मी विचारलं, मग काय लिहू? मंदाताईंची खोली?

त्यांनी जिन्याकडं बघितलं. तसं लिहिलं तर तिच्या आईच्या मनाला लागेल, म्हणाले. मी म्हटलं, मग सध्या स्टोअर लिहू का, नंतर बदलता येईल.

"लेकरू काय सामान हाय, साहेब?"

मी वरमलो. रफीकभाईंनी 'गेस्ट रूम' पुसलं आणि ती जागा मोकळी सोडली. प्रिंट काढली. हॉल, किचन, बेडरूम, देवघर, न्हाणी, सगळ्यांना नावं होती. एका खोलीला नव्हतं. आमच्या ऑफिसातून असा नकाशा पहिल्यांदाच बाहेर गेला. दत्तराव काकांनी तो घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

*

फोटो घेऊन येणारे लोक वेगळेच. हल्ली ते वाढलेत.

एक जण वारंगा फाट्याजवळच्या एका घराचा फोटो घेऊन आला. जाता-येता बसमधून त्याला ते घर दिसायचं आणि त्याच्या मनात भरलं होतं. मला अगदी असंच पाहिजे, एक वीटही इकडची तिकडं नको, असं त्यानं बजावलं. फोटोत मोठा ओटा होता, ओट्यावर कमानी, वर गच्चीला नक्षीचा कठडा. दार जरा लहान होतं, पण आवड एकेकाची. आम्ही हुबेहूब काढून दिलं, त्यानं हुबेहूब बांधलं.

घरभरणीला फाट्यावरच्या त्या मूळ घराचे मालकही आले. लांबचं काही नातं निघालं होतं. त्यांनी रस्त्यावर उभं राहून घर बघितलं, डोकं खाजवलं, पुन्हा बघितलं. मग आमच्या माणसाला बाजूला घेऊन म्हणाले की घर छान झालंय, फक्त ही आमची मागची बाजू आहे.

नवा रस्ता झाला होता तो त्यांच्या परसाकडून! बसमधून सगळ्या जगाला त्यांचं परसदारच दिसत होतं. हा बाबा त्याच्यावर भाळला होता.

मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण तो जरा विचार करून म्हणाला, "तुमचं मागून एवढं चांगलं हाय, मग आमचं पुढून काहून वाईट दिसंल?"

गंमत पुढंच आहे. पाव्हण्यांना स्वतःचंच परसदार दुसऱ्याच्या दर्शनी बाजूला इतकं आवडलं, की घरी जाऊन त्यांनी बैठक मागच्या ओट्यावर हलवली. आता दोन्ही घरांत पाहुणे त्याच कमानीखाली बसतात.

*

कागदावरचं घर लोकांना दिसत नाही. मान डोलावतात, सही करतात, आणि भिंत कमरेएवढी आली की म्हणतात, हे एवढंसंच का? म्हणून रफीकभाईंनी आणि मी एक पद्धत पाडली. पाया खोदायच्या आधी प्लॉटवर पांढऱ्या फक्कीनं सगळं घर खऱ्या मापात आखायचं. भिंतींच्या रेघा, दारांच्या जागी मोकळी जागा. मग घरच्यांना म्हणायचं, फिरा आता घरातून.

सुरुवातीला लोक लाजतात. मग त्यांना घर दिसायला लागतं. एका बाईनं चार भाकरी थापल्यासारखे हात केले आणि ओटा उंच सांगितला. एक जण बेडरूममध्ये आडवा झाला तर त्याचे पाय शेजाऱ्याच्या हद्दीत! एका ठिकाणी शेजारचे आजोबा आले, फक्कीच्या उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि विचारलं, येऊ का? आत कुणी "या" म्हणेपर्यंत ते उन्हात उभे राहिले. मोकळं रान सगळं, पण रेघ ओलांडली नाही.

दत्तराव काकांची आखणी झाली तेव्हा निम्मं गाव बघायला आलं. गयाबाई थेट स्वयंपाकघरात गेल्या. तिथून त्यांनी एका पुतण्याला हटकलं, "भिंतीतून येऊन राहिला काय रे? दार दिसत न्हाई?" पुतण्या मुकाट्यानं वळसा घालून दारातून आला.

सगळे आत होते. मंदा तेवढी बाहेर पाण्याच्या घागरीपाशी उभी होती. आलेल्या-गेलेल्याला पाणी देत होती.

दत्तराव काका हॉलच्या मधोमध उभे होते. त्यांनी तिथून हाक मारली, "मंदे, मशीन कुठं ठेवतीस ते दाखव."

"कुठं बी ठेवीन, बाबा."

"कुठं बी म्हणून घर होत नसते. दाखव."

तिनं तांब्या खाली ठेवला. फक्कीच्या दारापाशी चपला काढल्या. हॉलमधून, आईच्या बाजूनं, त्या बिननावाच्या खोलीत गेली. मधोमध थोडी घुटमळली. मग एका कोपऱ्यात जाऊन बसली, मशीनवर बसतात तशी, गुडघे दुमडून, आणि एक हात पुढं धरला.

"खिडकी इकडं पाहिजे, भाऊ," ती मला म्हणाली. "उजेड डाव्या हातानं यावा. न्हाई तर टाक्यावर हाताची सावली पडते."

तिला काही मागताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. रफीकभाईंनी लगेच पायानं जुनी खूण पुसून खिडकी सरकवली. मग तिचं लक्ष बाहेरच्या दाराकडं गेलं. मी गजाननची कल्पना सांगितली, की गिऱ्हाइकांची सोय होईल, घरच्यांची झोपमोड नाही, वगैरे. ती उठून त्या मोकळ्या जागेपाशी गेली.

"हे बुजवा," ती म्हणाली.

"अहो, पण बायकांना सगळ्या घरातून..."

"घरातूनच येऊ द्या. मायला बी बोलतेत जाता-येता."

बाहेरून वेगळं दार भाडेकरूच्या खोलीला असतं, हे मी घरं काढणारा माणूस, आणि माझ्या ध्यानात नव्हतं. रफीकभाईंनी मूठभर फक्की घेतली आणि ती जागा रेघ ओढून बंद करून टाकली.

गयाबाई सगळं ऐकत होत्या. लोक पांगायला लागल्यावर त्यांनी मला ओट्याच्या जागी बोलावलं आणि खालच्या आवाजात विचारलं की इथं उभं राहिलं तर त्या खोलीचं दार दिसतं का? मी म्हटलं, दिसत नाही, पण दार थोडं अलीकडं घेतलं तर दिसेल.

"मग घ्या अलीकडं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पक्का नकाशा काढताना मी रफीकभाईंना विचारलं की आता तरी खोलीला नाव द्यायचं का? ते म्हणाले, आपण कोण नाव देणार, साहेब, घरच्यांनी अजून दिलं नाही.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी चहावर सांगत नाही फारसा, पण आज विषयच निघाला आहे.

दत्तराव काकांच्या घरभरणीला आम्ही दोघं गेलो. घर छान झालं होतं. गच्ची सपाट, हळदीला मोकळी. पूजा झाली, नव्या चुलीवर दूध उतू गेलं, आणि आहेराची वेळ आली. आमच्याकडं घरभरणीला लेकी-बहिणींचा मान असतो. त्यांना पाटावर बसवायचं, हळदीकुंकू लावायचं, ओटी भरायची, साडी द्यायची. मान घेऊन, जेवून, संध्याकाळच्या गाडीनं त्या आपापल्या घरी जातात.

हॉलमध्ये तीन पाट मांडले होते. एक दत्तराव काकांच्या बहिणीला, म्हणजे आत्याबाईंना. एक वसमतला दिलेल्या धाकट्या लेकीला. तिसरा मंदाला. तिन्ही साड्या गयाबाईंनी स्वतः आणल्या होत्या आणि मंदाची त्यात सगळ्यात भारी होती, हिरवी, जरीच्या काठाची. टाकलेल्या लेकीला हलकी घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून. आईची माया ती, तिला दुसरं काय सुचणार?

मंदा सकाळपासून स्वयंपाकघरात राबत होती. बायकांनी तिला ओढत आणलं. तिनं पदराला हात पुसले आणि पाटावर बसली, मान खाली घालून. हसतमुख धाकटीच्या शेजारी ती अशी बसली होती, जसं कुणी एसटीची वाट बघत बसावं.

गयाबाईंनी आत्याबाईंची ओटी भरली. धाकटीची भरली. हिरवी साडी उचलून तिसऱ्या पाटाकडं वळल्या.

"थांब," दत्तराव काका दारातून म्हणाले.

ते पुढं आले.

"मंदे, ऊठ तिथून."

मंदा उठली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. आत्याबाई पाटावरूनच बोलल्या, "दादा, काय करून राहिलास? भरल्या घरात लेकीला पाटावरून उठवायचं?"

"पाट पाहुण्याला असते," दत्तराव काका म्हणाले. "घरच्याला कोण आहेर करते?"

गयाबाई साडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. नवऱ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. मग त्या वळल्या आणि त्या बिननावाच्या खोलीत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, नंतर लावल्याचा. बाहेर आल्या तेव्हा हात रिकामे होते. त्यांनी हळदीकुंकवाचं ताट उचललं आणि मंदाच्या हातात दिलं.

"आलेल्या बायायचं तू कर आता," त्या म्हणाल्या. "माझे पाय दुखून राहिले."

मंदानं ताट धरलं. तिनं तिसरा पाट पायानं भिंतीकडं सरकवला आणि दारातल्या पहिल्या बाईला कुंकू लावलं.

आम्हाला पुढं दुसरीकडं जायचं होतं. गर्दीत कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं रफीकभाई आणि मी चपला घालून पायरी उतरायला लागलो, तर ताट घेऊन मंदा दारात आडवी.

"कुठं निघाले, भाऊ?" ती म्हणाली. "आमच्या घरची पहिली पंगत हाय. जेवल्याबिगर मी कोणाला जाऊ देत नसते."

रफीकभाईंनी आधी चपला काढल्या, मग मी.